नागपूरहून थंड आणि गोठवलेला माल विमानाने परदेशी पाठवताना

सीताफळाचा गर, तुरीचे सोले, पुरणपोळ्या, संत्री असा माल विदेशात पाठवायचा विचार घेऊन कुणी आलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: विमानाला किती तास लागतात? मुंबईहून दुबई साधारण तीन तास. हे उत्तर ऐकून माणूस निर्धास्त होतो, आणि माल बिघडायची सुरुवात नेमकी तिथेच होते.

त्याच पेटीचा पूर्ण हिशेब मांडून बघा. नागपूरच्या कोल्ड स्टोरेजमधून माल दुपारी चारला गाडीत चढला. समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत 701 किलोमीटरचा आहे आणि मालगाडीला वेगाची मर्यादा ताशी 80. पुढे भिवंडीपासून सहारपर्यंतची, म्हणजे मुंबई विमानतळापर्यंतची गर्दी, मधले थांबे. मुंबईच्या कार्गो टर्मिनलला पोचेपर्यंत बारा ते चौदा तास. तिथे वजन, एक्स-रे, कस्टम्स आणि विमान सुटण्याआधीची माल स्वीकारण्याची मुदत यात सहा-आठ तास. उड्डाण तीन तास. पलीकडे माल उतरवणे, तपासणी आणि तिथल्या गाडीत चढवणे यात आणखी सहा-आठ तास. एकूण तीस-बत्तीस तास झाले आणि त्यातले हवेतले फक्त तीन. बाकीचा वेळ पेटी कुठे ना कुठे उभी असते. म्हणून तयारी उड्डाणाची न करता उभ्या राहण्याची करायची. पुढचं सगळं याच हिशेबावर उभं आहे.

आधी माल ठरवा

नवीन माणसाने पहिल्या खेपेला मांस, मासे किंवा दुधाचे पदार्थ निवडू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मांसाला मान्यताप्राप्त कत्तलखाना आणि पशुवैद्यकीय आरोग्य प्रमाणपत्र लागतं. मासे आणि दूध यांवर निर्यात तपासणी परिषदेची देखरेख असते. युरोपात तर पदार्थात नुसतं तूप किंवा खवा असला तरी प्राणिजन्य घटकांचे वेगळे नियम लागू होतात. पुरणपोळी पाठवायची असेल तर तूप न लावता पाठवा. खाणारा तव्यावर गरम करताना लावेल. एवढ्या एका बदलाने कागदांचं ओझं बरंच उतरतं.

फळांचा गर आणि भाज्या हा सुरुवातीला सोपा माल. सीताफळाचा मोसम थोडा आणि फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडणारं, त्यामुळे ताजं पाठवण्यापेक्षा गर गोठवून पाठवणं शहाणपणाचं. सोल्यांचंही तसंच. थंडीत काटोल-नरखेडच्या बाजूने शेंगा येतात तेव्हा सोलून, उकळत्या पाण्यातून काढून, थंड करून गोठवले की उन्हाळ्यातही हिरवेगार राहतात. आखातात राहणाऱ्या विदर्भाच्या माणसाला सोलेभाजीची आठवण मार्च-एप्रिलमध्येही येतेच.

संत्र्याचं म्हणाल तर विमानाचं भाडं पाहता मोठा व्यापार परवडणारा नाही. आपली संत्री वर्षानुवर्षं ट्रकने बांगलादेशकडे जात आली, ती किलोमागचा खर्च कमी म्हणूनच. विमानाने पाठवायची ती नमुन्यासाठी, मोसमाच्या सुरुवातीच्या चढ्या भावासाठी किंवा भेटीच्या निवडक पेट्यांसाठी. नागपुरी संत्र्याला 2014 पासून भौगोलिक मानांकन आहे. अशा पेटीवर ते नाव दिसलं पाहिजे.

कागद

यावर लांबण लावत नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे. डीजीएफटीकडून, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाकडून, आयात-निर्यात कोड घ्या आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती पोर्टलवर अद्ययावत करा, नाहीतर कोड निष्क्रिय होतो. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना, अपेडाची (शेतमाल निर्यात प्राधिकरणाची) नोंदणी आणि कर न भरता निर्यात करण्यासाठी जीएसटीचं एलयूटी, म्हणजे हमीपत्र, ही तीन कामं सोबतच चालवा. बँकेचा एडी कोड (परकीय चलन व्यवहाराची परवानगी असलेल्या बँकेचा क्रमांक) कस्टम्सच्या आइसगेट या ऑनलाइन यंत्रणेत ज्या विमानतळावरून माल जाणार त्या विमानतळासाठी नोंदवलेला असावा लागतो. नागपूरसाठी नोंदवला आणि माल ऐनवेळी मुंबईहून काढायचं ठरलं, तर शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा कागद, अडतं. हे गाडी उभी असताना कळणं फार महागात जातं. म्हणून दोन्ही विमानतळांसाठी नोंद आधीच करून ठेवा.

ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणजे फायटो. एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी मालाच्या प्रकाराचा क्रमांक, बरोबर टाका: गोठवलेली फळं 0811, ताजी संत्री 0805 21. आखातात पाठवताना लेबल अरबीतही हवं. अमेरिकेत पाठवताना तिथल्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) कारखान्याची नोंदणी आणि प्रत्येक खेपेची पूर्वसूचना लागते; विमानाने येणाऱ्या मालासाठी ती पोचण्याच्या किमान चार तास आधी द्यायची असते. आयातदाराशी पहिल्याच बोलण्यात विचारा, "तुमच्या देशात या मालाला कोणकोणते कागद लागतात, त्यांची यादी लेखी पाठवा." ती यादी हातात आल्याशिवाय एक किलो मालही गोठवू नका.

गोठवणं आणि गाडी

गोठवलेला माल म्हणजे ज्याच्या गाभ्याचं तापमान उणे 18 अंश किंवा त्याखाली आहे असा माल. पिशवी बाहेरून दगडासारखी कडक लागते तेव्हाही आत उणे 6 असू शकतं. घरगुती डीप फ्रीजरमध्ये गर हळूहळू गोठतो, बर्फाचे कण मोठे होतात, पेशी फुटतात आणि सुटल्यावर पाणी वेगळं पडतं. ब्लास्ट फ्रीजरमध्ये उणे 35-40 अंशांची जोराची हवा असते. पिशव्या एक-एक किलोच्या, चपट्या आणि एकमेकींना न चिकटता ठेवा. नंतर एक पिशवी बळी द्या: तिला भोक पाडून थर्मामीटरची सुई थेट मध्यापर्यंत घाला. ही पिशवी विकता येणार नाही, पण बाकीच्या मालाची खात्री पटते. सीताफळाचा गर हवा लागली की काळा पडतो, म्हणून पिशवीतली हवा पूर्ण काढूनच सील करा.

रीफर गाडीबद्दल, म्हणजे थंडीचं यंत्र असलेल्या मालगाडीबद्दल, एक गैरसमज फार पसरलेला आहे. रीफर गाडी माल थंड करत नाही, थंड असलेला माल थंड ठेवते. उणे 8 ला चढवलेला माल मुंबईत उणे 18 ला उतरेल ही आशा ठेवू नका. गाडी रिकामी असतानाच तासभर आधी चालू करून आतून थंड झाली पाहिजे. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही. माल चढवण्याचं काम सूर्य मावळल्यावर ठेवा, दार एकदाच उघडा आणि पेट्या आधीच रांगेत तयार ठेवा.

एका मे महिन्यात माझ्या समोर घडलेली गोष्ट सांगतो. सीताफळाच्या गराच्या चाळीस पेट्या, गाडी नवी, भाडं चोख दिलेलं. मुंबईत दार उघडलं तेव्हा गाडीच्या पॅनेलवर उणे 18 दिसत होतं आणि सगळे खूश झाले. पण एका पेटीत लॉगर, म्हणजे तापमानाची सतत नोंद ठेवणारं छोटं यंत्र, ठेवलेला होता. त्याच्या आलेखात रात्री दोन ते साडेपाच दरम्यान तापमान उणे 5 पर्यंत चढून पुन्हा उतरलेलं दिसलं. ढाब्यावर झोपताना डिझेल वाचवायला चालकाने थंडीचं यंत्र बंद केलं होतं आणि पहाटे चालू केलं. पेटी उघडल्यावर पिशव्यांच्या आतून बर्फाचे खडे दिसले आणि गर कडेने तपकिरी झाला होता. माल विमानात चढवलाच नाही. तेव्हापासून भाडेकरारात "यंत्र बंद केल्यास भाडं दिलं जाणार नाही" ही ओळ घालतो आणि लॉगर ठेवला आहे हे चालकाला आधीच, समोरासमोर सांगतो. सांगण्यामागे धाक दाखवण्याचा हेतू नाही. त्या माणसालाही रात्री जागून यंत्राकडे लक्ष देण्याचं कारण कळलं पाहिजे, आणि त्याच्या जेवणाचे, झोपेचे पैसे नीट दिले गेले पाहिजेत.

पेटी आणि ड्राय आइस

ड्राय आइस म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड. तो उणे 78.5 अंशांवर वितळत नाही, थेट वायू होतो. पेटी ओली होत नाही हा त्याचा मोठा फायदा. पण एक किलो ड्राय आइसचा साधारण 540 लिटर वायू होतो, आणि सगळे नियम याच आकड्यातून आलेले आहेत. पेटी हवाबंद केली तर ती फुटते. म्हणून आतल्या थर्माकोलच्या झाकणाला चारही बाजूंनी टेप लावायची नाही. वायूला निघायला फट राहिली पाहिजे. मालाच्या पिशव्या मात्र हवाबंदच असाव्यात.

गाडीतून आणतानाही काचा खाली ठेवा. बंद खोलीत फोडू नका, कारण वायू जड असतो, खाली साचतो आणि माणसाला कळायच्या आत गुदमरवतो. जाड हातमोजे घाला. उघड्या हाताला तो भाजल्यासारखी इजा करतो. आदल्या दिवशी आणून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवू नका, तिथल्या उणे 18 मध्येही तो उडून जातो आणि फ्रीजरचं प्लॅस्टिक तडकू शकतं. पॅकिंगच्या दोन-तीन तास आधी आणणं उत्तम.

किती घालायचा? वीस-पंचवीस लिटरच्या चांगल्या थर्माकोल पेटीत दिवसाला साधारण अडीच ते साडेचार किलो उडतो. हिशेब असा करा: प्रवास बत्तीस तासांचा, त्यात निम्मा वेळ अडचणीसाठी धरा, म्हणजे अठ्ठेचाळीस तास. दहा किलो गर असलेल्या, जाड भिंतींच्या पेटीला सहा ते आठ किलो. थंड वायू खाली उतरतो, म्हणून मोठा वाटा वर ठेवा आणि थोडा तळाला व कडांना. रिकामी जागा कुस्करलेल्या कागदाने भरा, कारण मोकळ्या जागेत बर्फ लवकर संपतो. बाहेरची पेटी कडक पाच किंवा सात थरांच्या पुठ्ठ्याची असू द्या.

हे आकडे कागदावरचे. खरं उत्तर तुमचीच पेटी देईल. एप्रिलमध्ये एक पेटी जशी पाठवणार तशीच पूर्ण भरा, एक लॉगर मधोमध आणि दुसरा वरच्या कोपऱ्यात ठेवा, आणि पेटी गच्चीवरच्या शेडखाली दोन दिवस राहू द्या. कोपऱ्यातला लॉगर आधी चढतो. तो किती तासांनी उणे 15 च्या वर गेला ती तुमच्या पेटीची खरी मुदत. या चाचणीचा खर्च एका पेटीचा आहे, आणि तो टाळणाऱ्यांनी पुढे चाळीस पेट्या गमावलेल्या मी पाहिल्या आहेत.

विमान वाहतुकीच्या नियमांत ड्राय आइस धोकादायक मालात मोडतो: यूएन 1845 (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), वर्ग 9, पॅकिंग सूचना 954. एका पेटीत निव्वळ 200 किलोची मर्यादा आहे, जी आपल्याला कधी गाठायची नसते. पेटीवर इंग्रजीत ड्राय आइसचं नाव, यूएन 1845, त्याचं निव्वळ वजन किलोत, पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि वर्ग 9 चं चौकोनी लेबल लागतं. माल स्वतः धोकादायक नसेल आणि ड्राय आइस फक्त थंडीसाठी असेल तर धोकादायक मालाचं वेगळं घोषणापत्र लागत नाही. मात्र एअरवे बिलावर (विमान मालवाहतुकीच्या पावतीवर) यूएन क्रमांक, नाव, पेट्यांची संख्या आणि प्रत्येकीतलं वजन लिहिलेलंच हवं. जुनी पेटी वापरत असाल तर आधीची सगळी लेबलं खरवडून काढा. एक चुकीचं लेबल राहिलं तरी पेटी काउंटरवरून परत येते.

विमानाच्या पोटात एकूण किती ड्राय आइस चालेल याचीही मर्यादा असते, आणि जिवंत जनावरं असतील तर तो त्यांच्या जवळ ठेवत नाहीत. म्हणजे तुमची पेटी निर्दोष असूनही दुसऱ्याच्या मालामुळे मागे राहू शकते. बुकिंग करताना ड्राय आइसचे एकूण किलो सांगा आणि होकार लेखी घ्या.

थंड माल: इथे ड्राय आइस नको

संत्र्याला गोठवण्याची थंडी मारक आहे. नागपुरी संत्री 6-7 अंश आणि 90-95 टक्के आर्द्रतेत छान टिकतात. त्याहून बरीच खाली गेली की सालीवर डाग पडतात. शिवाय फळ तोडल्यावरही श्वास घेत असतं आणि कोंडलेला कार्बन डायऑक्साइड त्याची चव बिघडवतो. म्हणून ताज्या फळांबरोबर ड्राय आइस ठेवायचाच नाही. जेल पॅक वापरा, पण फ्रीजरमधून काढून थेट लावू नका. त्यावर पाणी सुटेपर्यंत बाहेर ठेवा आणि फळ व पॅक यांच्या मध्ये पुठ्ठा घाला.

तोडणीपासून काळजी घ्यावी लागते. सकाळी दव असताना तोडलेल्या संत्र्याच्या सालीतलं तेल दाबाने बाहेर येतं आणि तिथे डाग उमटतो. ऊन चढून फळ कोरडं झाल्यावर कात्रीने, देठाची टिकली ठेवून तोडा. आपल्या संत्र्याची साल सैल असते, ती खेचून तोडली तर देठाजवळ फाटते आणि तिथून कूज शिरते. तोडल्यावर त्याच दिवशी थंड हवेच्या झोतात फळाची उष्णता काढा. भोकं असलेल्या पेटीत थंड फळ भरलं तर ते टिकतं. गरम फळ जेल पॅकवर भरवशाने सोडलं तर पॅक सहा तासांत संपतो.

बुकिंग आणि वजन

शारजा आणि दोहाच्या दिशेने नागपूरहून थेट विमानं गेल्या काही वर्षांत चालत आली आहेत, मधे खंडही पडले. वेळापत्रक मोसमागणिक बदलतं, म्हणून प्रत्येक खेपेला नव्याने विचारा. थेट विमान मिळालं तर रस्त्याचे चौदा तास वाचतात, आणि छोट्या खेपेसाठी मी सोनेगावचाच, म्हणजे नागपूर विमानतळाचाच, पर्याय आधी बघतो. विचारायच्या गोष्टी तीन: नाशवंत माल घेता का, शीतकक्षात जागा आहे का, आणि माल धावपट्टीकडे किती वेळ आधी नेता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर उन्हाळ्यात सगळ्यात मोलाचं. दुपारच्या विमानापेक्षा रात्रीचं विमान कधीही बरं. मुंबईहून देशांची निवड मोठी आणि नाशवंत मालासाठी स्वतंत्र शीत विभाग आहे, पण रस्ता आणि गर्दी जोडीला येते.

एअरवे बिलावर "2 ते 8 अंश ठेवा" असं नुसतं लिहिलं म्हणून विमान कंपनी ते पाळायला बांधील होत नाही. तापमानाची सेवा वेगळी बुक करावी लागते आणि तिचे पैसेही वेगळे. नाशवंत मालासाठी पीईआर, थंडसाठी सीओएल, गोठवलेल्यासाठी एफआरओ आणि ड्राय आइससाठी आयसीई हे संकेत बुकिंगमध्ये आले की नाहीत ते फॉरवर्डरकडून, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटकडून, वाचून घ्या.

भाडं प्रत्यक्ष वजन किंवा आकारमानाचं वजन, यांतलं जास्त असेल त्यावर लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 6000 ने भागा. बऱ्याच कुरियर कंपन्या 5000 ने भागतात. 50×40×35 ची पेटी 11.67 किलोची धरली जाते, पण आत दहा किलो गर, सहा किलो ड्राय आइस आणि दोन किलोची पेटी असेल तर 18 किलोचं भाडं. तोच माल 60×45×45 च्या पेटीत घातला तर आकारमान 20.25 किलो होतं आणि पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत धरून साडेवीसचे पैसे जातात. थर्माकोल जाड हवा आणि पेटी मापात हवी, या दोन्हींची सांगड गच्चीवरच्या त्या चाचणीतूनच बसते.

पाठवायचा दिवस

मंगळवार किंवा बुधवारी पोचेल असा माल काढा. कतार, कुवेत आणि सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी; अमिरातीत, शारजा सोडून, जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस. गुरुवारी रात्री पोचलेली पेटी दोन दिवस तशीच पडते. एअरवे बिल, बीजक, पॅकिंग यादी आणि प्रमाणपत्रांच्या प्रती विमान सुटायच्या आधी घेणाऱ्याच्या एजंटकडे गेलेल्या असाव्यात, आणि त्याची थंड गाडी तिथे उभी असावी.

मुलांना डबा पाठवणाऱ्या आईवडिलांसाठी दोन शब्द. सोबत नेणाऱ्या प्रवाशाला विमान कंपनीच्या परवानगीने अडीच किलोपर्यंत ड्राय आइस चालतो. पेटीतून वायू निघायला वाट हवी आणि वजन लिहिलेलं हवं. युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ घरगुती सामानातूनही नेता येत नाहीत, आणि अमेरिकेत सावजी मटणाचा डबा कितीही घट्ट गोठवला तरी विमानतळावरच काढून घेतला जाईल. सोले, तूप-दूध नसलेल्या पोळ्या आणि कोरडे मसाले पाठवा.

पोचल्यावर

घेणाऱ्याला आधीच लिहून द्या: पेटी उघडण्याआधी बाहेरून फोटो, उघडल्यावर उरलेल्या ड्राय आइसचा फोटो, मग मधल्या पिशवीचं तापमान आणि लॉगरची नोंद. माल खराब निघाला तर विमान कंपनीला 14 दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं, नाहीतर दावा उभा राहत नाही. विम्याच्या नेहमीच्या कलमांत उशिरामुळे झालेलं नुकसान धरलेलं नसतं. तापमान बिघडल्याचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं, आणि लॉगर कंपनीला चालेल असा, विमानात नेता येणारा आहे का ते पॉलिसी घेतानाच विचारायचं. लॉगर परत मागवा. प्रत्येक खेपेचा आलेख, तारीख, बाहेरचं तापमान आणि घातलेल्या ड्राय आइसचे किलो एका वहीत लिहीत जा. तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत मे महिन्यात किती किलो आणि डिसेंबरात किती, हे तुमच्याच वहीत सापडेल.